उघडी पाने आणि झाकली पाने

कार्तिक शुद्ध प्रतिपदेस आपण पाडवा म्हणतो, पंचांगात तिला बलिप्रतिपदा म्हटलेले असते. परंतु याच तिथीचे ‘द्यूतप्रतिपदा’ असे आणखी एक नाव आहे, ते मात्र घरात सहसा कोणी उच्चारीत नाही. आश्विनातील कोजागरीच्या रात्रीही जागरणाच्या जोडीने अक्षक्रीडा सांगितलेली आहे. आपल्या पूर्वजांस द्यूताचे दुष्परिणाम ठाऊक नव्हते म्हणून त्यांनी ही मोकळीक ठेवली, असे मात्र कोणी समजू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त म्हणजे एका जुगाऱ्याचे आत्मनिवेदनच होय. फाशांच्या नादाने त्याची बायको दुरावली, सासू त्याचा तिटकारा करू लागली, आईबापांनी आणि भावांनीही त्याची ओळख नाकारली; आणि अखेरीस फासे टाकून शेती कर, असा उपदेश त्याच्या पदरी पडला. ज्या समाजाने हे सूक्त जतन केले, त्याच समाजाने ती प्रतिपदाही पाळली. वर्षातला ठरलेला दिवस, घरातली ठरलेली जागा आणि वडीलधाऱ्यांची उपस्थिती, एवढ्या मर्यादेत राहिला तो खेळ, आणि ती मर्यादा सुटली की तेच व्यसन, असा भेद त्यांनी मनाशी केला असावा.

दिवाळी जवळ आली की घरात पत्त्यांचा जोड असावा की नसावा, ही जुनी चर्चा पुन्हा सुरू होते. गेल्या काही वर्षांत या चर्चेला एक नवे आणि रास्त भय चिकटले आहे. पूर्वी पत्ते सतरंजीवर दिसत. आता ते मुलाच्या खिशातील मोबाइलमध्ये असतात. तो कोणाशी खेळतो, केव्हा खेळतो आणि किती हरतो, याचा घरास पत्ता नसतो. पुढे एके दिवशी कर्जवसुलीसाठी कोणाचा तरी फोन येतो आणि मग सगळा उलगडा होतो. अशा दोन-चार हकिगती कानावर आल्या म्हणजे एखादे कुटुंबप्रमुख घरातील पत्त्यांचा कॅट उचलून केराच्या टोपलीत टाकतात, आणि रोगाचे मूळ काढून टाकल्याचे समाधान मानतात.

आमच्या मते हे निदान चुकीचे आहे. दोष बावन्न पानांचा नाही. एखादा खेळ का वाढतो आणि दुसरा का मागे पडतो, याचा थोडा इतिहास पाहिला तर खरा प्रश्न निराळाच असल्याचे दिसून येते. कोणता डाव मांडावयाचा हे कोण ठरवितो, हा तो प्रश्न होय. तो स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही वाचकांस प्रथम थोडे दूर, अमेरिकेत नेतो; कारण तेथे हा बदल एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत घडला.

पोकर या खेळाच्या अनेक जाती आहेत, त्यांपैकी एकीस ‘स्टड’ म्हणतात. तिचे वैशिष्ट्य असे की, खेळणाऱ्याची काही पाने झाकलेली असतात आणि काही सर्वांदेखत उघडी मांडलेली असतात. एकोणिसाव्या शतकात रुजलेल्या पाच पानांच्या स्टडमध्ये एक पान झाकलेले व चार उघडी असत. पुढे लोकप्रिय झालेल्या सात पानांच्या स्टडमध्ये प्रथम दोन पाने झाकलेली, मग एकामागून एक चार उघडी, आणि सातवे पुन्हा झाकलेले, असा क्रम असतो. पैजेचे बोलणे प्रत्येक उघड्या पानागणिक होते. जो डाव सोडतो तो आपली उघडी पानेही पालथी करतो. आणि ती पाने कोणती होती हे ज्याच्या लक्षात राहते त्याचे पारडे जड ठरते. समोरच्याला बदामाचे चौथे पान हवे आहे, परंतु बदामाची पाच पाने आपण येऊन जाताना पाहिली आहेत, असा हिशेब ज्याला जमतो तोच या खेळात टिकतो. सारांश, हा खेळ डोळ्यांचा आणि स्मरणाचा आहे. पैशाची पैज त्यात आहेच आणि तिचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. परंतु त्यात बुद्धीस काम आहे, एवढे कबूल केले पाहिजे.

पाच पानांच्या स्टडचा दबदबा एके काळी इतका होता की, १९६५ साली निघालेल्या ‘द सिनसिनाटी किड’ या चित्रपटाचा सारा कळस त्या खेळाच्या एका डावावर उभा केलेला आहे. त्यानंतर सात पानांच्या स्टडने, विशेषतः अमेरिकेच्या पूर्व भागात, बराच काळ राज्य केले. आज मात्र तेथील जुगारगृहांत पोकर म्हणजे ‘होल्डेम’ असे समीकरणच होऊन बसले आहे. टेक्सस प्रांतातून आलेल्या या खेळात प्रत्येकास दोनच झाकलेली पाने मिळतात आणि मेजाच्या मध्यावर पाच समाईक पाने उघडली जातात. लास व्हेगास येथे १९७० साली सुरू झालेल्या जागतिक स्पर्धेत १९७१ पासून मुख्य डाव याच खेळाचा ठेवण्यात आला. २००३ साली क्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस इंटरनेटवरील छोट्या स्पर्धेतून त्या मुख्य स्पर्धेत शिरला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकून गेला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. पुढच्याच वर्षी २,५७६ झाले आणि २००६ साली ८,७७३. स्टड मात्र जुन्या जाणत्यांच्या मेजांपुरता उरला.

होल्डेमसही कौशल्य लागते, हे खरे. परंतु स्टड मागे पडला तो खेळ म्हणून उणा होता म्हणून नव्हे. त्याची कारणे साधी व्यवहाराची आहेत. सात पानांच्या स्टडमध्ये आठ जण शेवटपर्यंत टिकले तर छप्पन पाने लागतील, आणि जोडात तर बावन्नच आहेत. म्हणून एका मेजाभोवती सात-आठांहून अधिक माणसे बसविता येत नाहीत. होल्डेममध्ये दहा जण बसले तरी पंचवीस पानांत काम भागते. मेज मांडणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो. तेव्हा अधिक माणसे व झटपट डाव ज्यात होतील तोच खेळ त्यास प्रिय होणार. त्यातच झाकलेली पाने प्रेक्षकांस दाखविणारे कॅमेरे दूरचित्रवाणीवर आले. दोन झाकलेली पाने आणि पाच समाईक पाने कोणासही समजतात. सात जणांची वेगवेगळी उघडी पाने प्रेक्षकांच्या ध्यानात राहणे कठीण. म्हणजे मेजाचा मालक आणि चित्रवाणीचा मालक या दोघांच्या सोयीने खेळ बदलला. खेळणाऱ्यांस वाटले की, आवड आपली बदलली!

आता आपल्याकडे येऊ. आपल्या प्रांतातही पत्त्यांच्या खेळांचे असेच चढउतार झालेले आहेत. सावंतवाडीच्या गंजिफा आज शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जातात. परंतु एके काळी त्या खेळण्यासाठी होत्या. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, मिळून एकशेवीस वाटोळी पाने. अर्ध्या रंगांत दश्शीपासून उतरता क्रम, तर उरलेल्या अर्ध्यांत उलटा, एक्क्यापासून; दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतारी करावयाची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. एकशेवीस पानांतील कोणती गेली आणि कोणती राहिली हे ध्यानात ठेवणाऱ्या त्या माणसांची स्मरणशक्ती काय असेल! छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगविलेली ही पाने मागे पडली. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेस आश्रय दिला नसता तर ती पाने करणारे हातही उरले नसते. कला वाचली, खेळ मात्र फारच थोड्यांस येतो.

पुण्याच्या पांढरपेशा घरांत विलायती पत्ते रुळले तेव्हा त्यांच्याबरोबर परक्या देशांचे डावही आले. बिझिक हा मूळचा फ्रान्समधील डाव. इस्पिकची राणी व चौकटचा गुलाम एकत्र आले की ‘बिझिक’ झाले म्हणून गुण घ्यावयाचे. व्हिस्ट, मग ऑक्शन ब्रिज, आणि १९२५ साली अमेरिकेच्या हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी एका जलप्रवासात सिद्ध केलेल्या गुणपद्धतीपासून पुढे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज, अशी एक मालिका आहे. ब्रिजमध्ये जोडीदाराशी बोलावयाचे ते केवळ बोलीच्या सांकेतिक भाषेत. म्हणून वकील, प्राध्यापक आणि डॉक्टर मंडळींस तो विशेष मानवला. याच ब्रिजला २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत प्रवेश मिळाला आणि प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या भारतीय जोडीने सुवर्णपदक मिळविले, ही गोष्ट पत्त्यांस सरसकट नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

परंतु घराचे खरे डाव निराळेच होते. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, लाडीस, झब्बू, बदाम सात, गुलामचोर ही नावे ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्याच्या ओसरीवर ऐकली नाहीत असे पुणेकर त्या पिढीत क्वचित असतील. चार जणांचा मेंढीकोट म्हणजे समोरासमोरच्या दोन जोड्या. डोळा चार दश्श्यांवर. त्यात बंद हुकूम खेळावयाचा तर एक पान सर्वांदेखत पालथे घालून ठेवावयाचे. ते कोणत्या रंगाचे असेल याचा तर्क बाकीच्यांनी करीत राहावयाचा आणि अडले म्हणजे हुकूम फोडावयास सांगावयाचे. एक पान झाकलेले आणि बाकी साऱ्या घडामोडी उघड्या! स्टडमध्ये जी गंमत पैसे लावून मिळते ती येथे चिंचोक्यांवर मिळत असे. तिघेच असले तर पाच-तीन-दोन. त्यात ज्याचे हात कमी पडतील त्याची पाने पुढल्या डावात दुसऱ्याने ओढावयाची, हाच दंड. दुपारची झाकपाक आटोपून बसलेल्या आत्याबाई किंवा काकू, ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते, त्या कोणती दश्शी कोणाकडे असेल हे अचूक सांगत आणि कॉलेजात जाणाऱ्या भाच्यांस गप्प बसवीत. घरातील पुरुषमाणसांपुढे ज्यांनी कधी मान वर केली नाही अशा स्त्रियांस आपली बुद्धी दाखविण्याची ती एकच जागा होती, हेही विसरता कामा नये.

हे डाव मागे का पडले? लोकांची अभिरुची बिघडली, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांस वाटते, येथेही बैठक बदलली म्हणून डाव बदलला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे एका दिवसात जमीनदोस्त झाले. जे उरले त्यांच्या जागी पुढील काही दशकांत सदनिकांच्या इमारती उठल्या. ओसरी गेली, चौक गेला. सहा बिऱ्हाडांची मुले एका हाकेसरशी जमत ती सोय गेली. मेंढीकोटास आणि ब्रिजला चार माणसे लागतात. तीन माणसांच्या घरात चौथा भिडू कोठून आणावयाचा? मग दोघांतही खेळता येणारी, आणि सहा जण आले तरी चालणारी रमी पुढे सरसावली. तिला जोडीदार लागत नाही, हुकूम बोलावा लागत नाही, आणि डाव केव्हाही मोडता येतो. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनमधून आणि तिच्यासारख्या गाड्यांतून रोज मुंबईस जाणाऱ्या पासधारकांनीही गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून पत्त्यांची मैफल चालू ठेवली. परंतु ती बैठक घराबाहेरची झाली.

दिवाळीतील ‘तीन पत्ती’ ही या साऱ्यांहून वेगळी. इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ या खेळाशी तिचे नाते उघड आहे आणि पोकरचीही ती आप्त आहे. परंतु स्टडमध्ये सातांपैकी चार पाने उघडी असतात, हिच्यात एकही नसते. काही ध्यानात ठेवावयाचे नाही, कशाचा हिशेब करावयाचा नाही. उलट आपली पानेसुद्धा न पाहता ‘ब्लाइंड’ चाल करणाऱ्याचे कौतुक! वाचकांपैकी गणिताची आवड असणाऱ्यांनी हे आकडे मुलांस जरूर दाखवावेत. बावन्न पानांतून तीन पाने एकंदर २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत, म्हणजे दर चार वेळांपैकी जवळजवळ तीन वेळा, हाती साधी जोडीही नसते. तीन सारख्या पानांचा ट्रेल केवळ ५२ प्रकारांनी, म्हणजे सरासरीने ४२५ डावांतून एकदा येतो. एकाच रंगातील ओळीची तीन पाने त्याहूनही दुर्मिळ. ती ४८ च प्रकारांनी येतात. असे असता नियमाने ट्रेलच श्रेष्ठ धरला जातो! अधिक दुर्मिळ वस्तूस कमी किंमत देणारा हा नियम पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि त्याने कोणाचे अडलेही नाही. कारण या खेळात गणित करीत बसणारा माणूस मुळातच कमी.

आपल्या न्यायालयांनीही हा भेद ओळखलेला आहे. या प्रांतातील जुगारास आळा घालणारा कायदा १८८७ सालचा. पुढे १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, रमीमध्ये पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान राखावे व कोणते टाकावे हे ठरवावे लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ होय. तीन पानी खेळासारखा तो निव्वळ दैवाचा नव्हे. या निर्णयाचा हा अर्धा भाग पुढे फार गाजला. दुसरा अर्धा मात्र झाकल्या पानासारखा राहिला. क्लबाचा मालक खेळातून स्वतःचा नफा काढीत असेल तर गुन्हा ठरू शकेल, असेही न्यायालयाने तेथेच म्हटले होते. एका खोलीत, एका मेजाभोवती, एकमेकांस ओळखणारी माणसे बसली आहेत अशा प्रसंगी दिलेला तो निर्णय. परंतु पन्नास वर्षांनी मोबाइलवर लाखो अनोळखी माणसांस रमी खेळविणाऱ्या कंपन्यांनी त्यातील ‘कौशल्य’ हा शब्द ढालीसारखा पुढे धरला.

कायद्याच्या वाटा कशा वाकड्यातिकड्या असतात याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९७६ साली गोव्यात सार्वजनिक जुगारास बंदी करणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा, म्हणजे एका अर्थी त्यांस दार उघडणारा कायदा झाला. पुढे गोव्याच्या बंदीच्या कायद्यात दुरुस्त्या होत होत पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतील जहाजांवर कॅसिनो आले. महाराष्ट्राचा परवानगीचा कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ साली तो रद्द झाला. त्यामुळे पुण्याचा माणूस गोव्यास जाऊन जे पाहतो ते येथे पाहावयास मिळत नाही. परंतु मोबाइलला प्रांताची वेस ठाऊक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा जुना वाद त्याने बाजूस सारला आणि पैसे लावून खेळविला जाणारा प्रत्येक ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविला. खेळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. खेळणाऱ्यास मात्र त्यात शिक्षा ठेवलेली नाही. मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर पैशाचे डाव गुंडाळले. कायद्याने बैठकीच्या मालकास धरले आणि फसलेल्यास सोडले, हे आम्हांस योग्यच वाटते. तथापि कायदा दुकान बंद करू शकतो. एकट्या माणसाची रिकामी रात्र भरून देऊ शकत नाही. आणि जोपर्यंत ती रात्र रिकामी आहे तोपर्यंत कोणी ना कोणी चोरवाटेने तेथे नवे मेज मांडणारच.

येथे आमच्या परिचयातील एका घराची हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. कुटुंब सुशिक्षित, मुलगा चांगल्या पगाराचा, वागण्यात सरळ. दीड वर्ष तो रात्री खोलीचे दार लावून मोबाइलवर रमी खेळत होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पगार गेला, मित्रांकडून उसने घेतलेले गेले, पुढे व्याजी पैसे काढले. बिंग फुटले त्या दिवशी वडिलांनी संतापाने कपाटातला पत्त्यांचा जुना जोड काढला आणि तो फाडावयास घेतला. तेव्हा मुलाच्या आजीने तो त्यांच्या हातातून घेतला. त्या म्हणाल्या, “या पत्त्यांनी काय केलंय? तू यांवर शंभरदा हरलास, तेव्हा मी समोर बसले होते. तोंड उतरलं की मी पान सोडत होते. हा तिकडे दीड वर्ष हरत होता, तेव्हा याचं तोंड कोणाला दिसलं?” वडिलांपाशी त्यावर उत्तर नव्हते. मुलगा मात्र त्या दिवशी प्रथमच रडला, आणि किती देणे आहे तो आकडा त्याने आजीला सांगितला. देणे फिटावयास अद्याप काही काळ जाईल. परंतु आकडा उघड झाल्यापासून तो वाढलेला नाही.

त्या माउलीच्या बोलण्यात आमच्या साऱ्या विवेचनाचे सार आहे. स्टडमध्ये निदान चार पाने उघडी होती. तीन पत्तीत पाने झाकलेली, तरी माणसे समोर होती. मोबाइलवर पाने झाकलेली, माणसे झाकलेली, हरलेली रक्कम झाकलेली आणि हरणाऱ्याचे तोंडही झाकलेले. घरात हरणारा जोवर दिसतो तोवर त्यास कोणीतरी थांबविते. कोणी सहज पान सोडते, कोणी ‘आता जेवायला चला’ म्हणते. मेज मांडणाऱ्यास यात नफा नाही, म्हणून असा थांबविणारा त्याच्या बैठकीत कधीच नसतो.

यास्तव आमची सूचना अशी आहे की, पत्ते घरातून घालवू नयेत. बैठक मात्र घराच्या हाती ठेवावी. पैशाचा व्यवहार दिवाळीच्या नावाखालीसुद्धा नसावा. एक रुपयाचा पॉइंटही नको, कारण सवय लागते ती रकमेची नव्हे, हिशेब वसूल करण्याची. चिंचोके किंवा कवड्या पुरेशा आहेत. डाव माणसांच्या संख्येवरून ठरवावा: दोघे असतील तर बिझिक किंवा रमी, तिघे असतील तर पाच-तीन-दोन, चौघांस मेंढीकोट, आणि जमेल त्या घरात ब्रिज, लहानथोर मिळून सहा-सात असतील तर बदाम सात किंवा झब्बू. उठावयाची वेळ बसतानाच ठरवावी आणि ती घरातील सर्वांत लहान मुलाने पुकारावी. मोठ्यांनी ती मोडू नये. वडील माणसांनी देखरेख करीत बाजूस न बसता हाती पाने घ्यावीत, आणि हरावेही. आजोबांवर झब्बू चढलेला नातवाने पाहिला म्हणजे हरणे ही लपवून ठेवण्याची गोष्ट नव्हे, हे त्यास न सांगता कळते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या घरात कोणी या मोबाइलच्या डावांत गुंतला असल्याची शंका येईल, तेथे प्रथम जाब न विचारता आकडा विचारावा. रागावण्यास पुढे पुष्कळ वेळ असतो. झाकलेले देणे दरमहा व्याजाने वाढते. उघड झालेल्या देण्यास चार माणसे मिळून वाट काढतात. एकत्र कुटुंबाचे दोष आम्हांस ठाऊक आहेत. परंतु एकाचे हरणे दहा जणांत वाटून घेण्याची जी शक्ती त्यात होती तिला दुसरा पर्याय अद्याप निघालेला नाही.

ज्यांच्या घरात आता तीनच माणसे आहेत ते म्हणतील की, चौथा भिडू कोठून आणावा? त्यांच्याच मजल्यावर, समोरच्या दाराआड, बहुधा आणखी तीन माणसे अशीच बसलेली असतात. येत्या प्रतिपदेस फराळाचे ताट देण्यास त्या दारी जाणे होईलच. त्या वेळी, संध्याकाळी मेंढीकोट मांडणार आहोत, एवढे सांगून यावे.